नणंद मिलिटरी नर्सिंगमधून परत आली आहे, रात्र-रात्र झोपत नाही. कुठं न्यावं?

सेतूवाली

लांबलचक लिहिते आहे, आधीच सांगते. दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरते. एक रकाना सोडला की पोर्टल पुढं जाऊ देत नाही, त्यामुळं सगळं सांगायची खोड लागली आहे.

मी आर्वी-पुलगाव रस्त्यालगतच्या एका गावात राहते. गावाचं नाव टाकत नाही, ताईला लगेच ओळखतील. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत माझं आपले सरकार केंद्र आहे, लोक अजून सेतूच म्हणतात. पीक विमा, पीएम किसानची केवायसी, उत्पन्नाचा दाखला, सगळं माझ्याकडं.

प्रश्न माझ्या नणंदेचा आहे. मिस्टरांपेक्षा मोठी, वय 39. नागपूरला बीएस्सी नर्सिंग करून 2011 मध्ये मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लागली, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी. दहा वर्षं करून 2021 मध्ये मेजर होऊन सुटली. पेन्शन नाही. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्याबद्दल इथं लिहीत नाही. आल्यावर वर्षभर एका खासगी नर्सिंग कॉलेजात शिकवलं, मग तेही सोडलं. आता आमच्याकडंच असते.

आमच्या गावात फौजेतून सुटून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. शिपाई असो की हवालदार, "काय मेजर, चहा घेता का?" ही खरीखुरी मेजर, तर हिला सिस्टर म्हणतात. माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीची यादी मीच टाइप केली होती, त्यात पाच नावं होती. ताईचं नव्हतं. मलाही ते तेव्हा सुचलं नाही, हे कबूल करते. यंदा 15 ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांना शाल-श्रीफळ दिलं. ताई पोरांच्या मागं उभी होती. सरपंच माइकवर म्हणाले, "आपल्या गावच्या सिस्टरबाईही उपस्थित आहेत." ताई हसली आणि घरी येऊन दुपारभर भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासली.

आता मूळ गोष्ट. आठ-नऊ महिन्यांपासून झोप नाही. तीनला उठते, गोठ्यात जाऊन बसते. म्हशीजवळ. विचारलं तर म्हणते, "राउंड घेऊन आली." पुलगावच्या डेपोचा जुना दारूगोळा निकामी करतात तेव्हा आवाज आमच्याकडंही येतो. गावाला त्याची सवय आहे. माझं लग्न 2016 च्या एप्रिलात झालं आणि मे संपता संपता डेपोला ती मोठी आग लागली, त्या रात्री आम्ही सगळे अंगणात उभे होतो. त्यानंतर मला त्या आवाजाचं काही वाटेनासं झालं. पण ताई आवाज झाला की हातातलं टाकून हात धुवायला जाते. कोपरापर्यंत, नळ कोपरानं बंद करते. आमच्याकडं तोटीचा नळ आहे, कोपरानं बंद होत नाही, तरी करते.

ती श्रीनगरच्या बेस हॉस्पिटलात होती, मग कोरोनाच्या वॉर्डात. मधल्या एका पोस्टिंगबद्दल ती बोलतच नाही. एकदाच म्हणाली, "तिथं माझी तक्रार होती, कागद परत घे म्हणाले, घेतला." कसली तक्रार ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का?

घाबरायचं कारण हे की मागच्या आठवड्यात तिनं एक फाइल बनवली. बँक, विमा, पीएफ, रिलीज ऑर्डर, सगळं प्लास्टिकच्या कप्प्यात घालून वर माझ्या मिस्टरांचं नाव लिहिलं. तिचं घड्याळ माझ्या मुलाला दिलं. तो सहा वर्षांचा आहे, त्याच्या दंडातसुद्धा ते सैल होतं. आणि परवा वेणी घालताना मला म्हणाली, "आता माझी ड्यूटी संपली गं." मी म्हटलं हो, आता आराम करा. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, एका बाबाकडं नेऊ. मिस्टर म्हणतात हवापालट, चार दिवस शेगावला जाऊन येऊ. शेगावला जायला माझी ना नाही, पण त्यानं भागेल असं वाटत नाही. आशाताई प्रेरणा प्रकल्पाचा सर्व्हे घेऊन आली होती. शेतकरी कुटुंबाचा. मिस्टरांना झोप, भूक, निराशा सगळं विचारून गेली. ताई शेजारी तूर निवडत बसली होती. तिच्या नावावर सातबारा नाही.

विचारायचं हे: कुठं न्यावं, सेवाग्रामला की नागपूरला? तिला माजी सैनिकांचं काही मिळतं का? ती नाही म्हणाली तर जबरदस्ती करावी का, की लग्नाला जाऊ सांगून गाडीत बसवावं? पोलिसांचं लफडं होतं का? आणि चार दिवसांवर पोळा आहे, फवारणीचे दिवस आहेत, औषधाचे डबे गोठ्यातच असतात. हे लिहितानाच हात थरथरून राहिला.

मनकवडी

सेतूवाली ताई, मी वैद्यकीय समाजसेविका आहे, जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकात काम केलं आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरं नंतर. आधी हे वाचून मोबाइल खाली ठेवा आणि उठा.

गोठ्यातले फवारणीचे डबे आज, आत्ता, दुसऱ्याच्या घरी हलवा. कुलूप लावून घरातच ठेवू नका, कारण किल्ली कुठं असते ते घरच्यांना ठाऊक असतं. शेजाऱ्याला कारण सांगायची गरज नाही, पोरगं हात लावतं म्हणा. घरातल्या गोळ्याही बघा. त्या नर्स आहेत, झोपेच्या गोळ्या स्वतः आणत असतील. तशा सापडल्या तर फेकू नका आणि एकदम बंदही करू नका, पट्टी तुमच्याकडं ठेवून रोजची रोज द्या, डॉक्टरांना दाखवा. आणि रात्री त्यांच्या खोलीत तुम्ही झोपा. गोठ्यात गेल्या तर तुम्हीही जा.

मग विचारा. आडून नाही, सरळ: "ताई, जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरत नाही, हे मी शंभर घरांत सांगितलं आहे. बहुतेक वेळा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. ठरवलंय म्हणाल्या तर सकाळची वाट बघू नका, 108 बोलवा आणि कॅज्युअल्टीत न्या. नाही म्हणाल्या तरी याच आठवड्यात दाखवा. कागदपत्रं लावणं, वस्तू वाटणं, "ड्यूटी संपली", हे तिन्ही एकत्र आलं की मी थांबत नाही.

टेलिमानस, सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन, 14416. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, घरचा माणूसही लावू शकतो. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला.

तुम्हाला सेवाग्राम जवळ. कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सकाळी लवकर नंबर लावा. वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयातही बघतात. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव आत्ता घरात काढूच नका, सासूबाईंच्या डोक्यात दुसरंच चित्र उभं राहील. तशी गरज पडली तर डॉक्टर सांगतील.

लग्नाला जाऊ म्हणून फसवून मुळीच नेऊ नका. एकदा फसवलं की दुसऱ्या तारखेला कोणी येत नाही. आणि पोलिसांचं: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला तरी तो अतीव ताणाखाली होता असंच धरायचं, खटला नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं 309 कलम उरलेलंच नाही. त्याच 2017 च्या कायद्यानं रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः निवडता येतो. त्या कोणाचं नाव घेतात ते त्यांनाच विचारा. बहुतेक तुमचंच घेतील, वेणी तुमच्याकडून घालून घेतात म्हणजे.

सर्व्हेत त्यांना कोणी विचारलं नाही हे वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी दारात जाऊन बोलायला सुरुवात केली, तर नैराश्य असलेल्यांत उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. लोक येतात. पण कोणीतरी त्यांच्याकडं तोंड करून विचारावं लागतं.

रोखठोक वर्धेकर

दहा वर्षं सरकारी पगार, क्वार्टर, कँटीन, आणि आता टेन्शन? शेतात या म्हणावं चार दिवस निंदायला, झोप आपोआप येईल. बंदूक धरली नाही अन् म्हणे सैनिक.

नायब सुभेदार, बुलढाणा

वरच्या भाऊले मी काही म्हणत नाही. मी चोवीस वर्षं बंदूक धरली. मले गोळी लागली तवा ज्या बाईनं माह्या मांडीत बोट खुपसून रक्त थांबवलं, तिच्या हातात बंदूक नव्हती. बस.

सेतूवाली ताई, मी बोलतो तसाच लिहितो, समजून घेजा. डबे हलवले काय? नसन हलवले तर आधी हलवा, मंग वाचा.

कागदाचं सांगतो. तिनं जे फाइल बनवली ते फाडू नका, लपवू नका, तेच कामात येते. त्यातला रिलीज ऑर्डर काढा अन् रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद काढा. सुटताना सगळ्याईचं मेडिकल होते. त्यात काय लिहिलं हाय ते पाहा. "शेप वन", म्हंजे तब्येत एकदम ठीक, असं लिहिलं असन तर घाबरू नका, आजार मागून उभा राहते असं लय झालं हाय. डॉक्टरले सांगा, चिठ्ठीवर "फौजेत कवापासून कवापर्यंत, कुठं कुठं, तरास कवा सुरू झाला" हे लिहून द्या. तोंडी सांगू नका, लिहून घ्या. पुढं अपंगत्वाचा दावा करायचा झाला तर पहिला डॉक्टर काय लिहून गेला हेच पाहतात.

ईसीएचएस, म्हंजे माजी सैनिकाईची दवाखान्याची योजना, 2003 मधी निघाली तवा पेन्शनवाल्याईसाठीच होती. शॉर्ट सर्व्हिसवाल्या अफसराईले 2019 मधी उघडली, एकरकमी वर्गणी भरून. नर्सिंगवाल्या बाईचा कागद घेऊन नागपूरच्या पॉलिक्लिनिकात जा अन् अर्ज लेखी द्या. "नाई होत मॅडम" असं खिडकीवर म्हटलं तर म्हणा, हेच या कागदावर लिहून द्या. निम्म्या येळेस तिथंच होऊन जाते.

वर्ध्याले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हाय. तिथं कल्याण संघटक असते, त्याचं कामच गावात फिरायचं. नाव नोंदवलं नसन तर नोंदवा. अन् ते घरपट्टीची यादी तुम्हीच टाइप करता ना? मंग काहून थांबल्या? अर्ज टाका, होते नाई होते मागून पाहू.

पण हे सगळं पोळ्यानंतर. कागद पळून जात नाही.

बागेतली बाई

मी वरुडची. मिलिटरी नर्सिंगमधून 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. आता भावाच्या संत्राबागेत राहते आणि त्याच्या कामात नाक खुपसते. सहसा लिहीत नाही. "राउंड घेऊन आली" वाचलं आणि चष्मा काढून ठेवावा लागला.

माझं पहिलं वर्ष फार छान गेलं. कपाटं लावली, भावाच्या हिशेबाच्या वह्या लावल्या, सगळं कसं पट्टीनं आखल्यासारखं. घरचे म्हणायचे, शिस्त बघा. दुसऱ्या वर्षी संत्र्याची तोड सुरू झाली. मजूर प्लास्टिकचे क्रेट फरशीवरून ओढत होते. तो आवाज हुबेहूब स्ट्रेचरच्या चाकांचा. 1999 चा, कारगिलचा उन्हाळा मी श्रीनगरला काढला आहे. जखमा मला आठवत नाहीत, खरंच आठवत नाहीत. बूट आठवतात. कात्रीनं बूट कापायचे आणि पोरगं विचारायचं, "सिस्टर, नवीन मिळतील ना?" घरी पत्र लिहून घ्यायचे माझ्याकडून आणि सांगायचे, पायाचं लिहू नका. मी लिहायचे, तब्येत ठीक आहे. अशी किती खोटी पत्रं माझ्या अक्षरात कुठल्या कुठल्या गावांत पडली असतील.

त्या क्रेटच्या आवाजानंतर दोन महिन्यांत मी मरायचं ठरवलं होतं. तारीखही ठरली होती. भावाच्या लक्षात आलं नाही, भावजयीच्या आलं. मी तिला लोणच्याच्या मोजमापाची वही देऊन टाकली होती, त्यावरून. भावजयांचं लक्ष असतं. तुमचंही आहे, म्हणून तुम्ही इथं आलात.

अमरावतीच्या डॉक्टरांना मी आधी खोटंच सांगितलं, निद्रानाश म्हणून. पोरगेलासा डॉक्टर होता. त्यानं पेन खाली ठेवून विचारलं, "मॅडम, जीव द्यावासा वाटतो का?" तेहतीस वर्षं मी लोकांची हिस्ट्री घेतली, मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. का विचारला नव्हता तेही सांगते. फौजेत तब्येतीची प्रत पाच इंग्रजी अक्षरांवर ठरते, शेप. त्यातलं पहिलं अक्षर, एस, म्हणजे मन. कान बिघडला, डोळा बिघडला तर माणूस सांगतो. एस बिघडला हे कोण सांगेल? शॉर्ट सर्व्हिसवाली तर नाहीच सांगणार, तिला पुढची मुदतवाढ हवी असते. तुमच्या ताईनंही दहा वर्षं एस वन राखलं असणार. आता ते ओझं ठेवायला जागा नाही.

गोळ्यांचं सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. उदासीवरच्या गोळ्यांनी पहिल्या तीन आठवड्यांत मला काही फरक पडला नाही. पहिला आठवडा तर मळमळ आणि जिवाची जास्तच तगमग. लोक तिथंच सोडतात. तो आठवडा घरच्यांनी सांभाळायचा, आणि तगमग फार वाटली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. झोप दोन महिन्यांनी लागली. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी नागपूर. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला त्या उन्हाळ्यातली एकच रात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावली, बारीकसारीक तपशिलासकट. मला वाटायचं ही माझा सूड घेते आहे. दहाव्या की अकराव्या वेळी सांगता सांगता मला भूक लागली. तिला म्हटलं, बाई, समोसा मिळेल का इथं?

परत घेतलेल्या तक्रारीबद्दल. तुम्ही विचारू नका. म्हणजे काय झालं होतं हे खोदू नका. "कधी सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन आणि विश्वास ठेवेन" एवढं एकदा म्हणा आणि सोडून द्या. पण डॉक्टर बाई मिळाल्या तर बरं, तशी मागणी करता येते. माझी भाची अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात नर्स आहे. ती सांगते, तिथं येणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, नोकरीत असताना लैंगिक अत्याचार झाला का, हे ठरवून विचारतात आणि त्यावरचा उपचार फुकट. तिथं 988 लावून 1 दाबलं की फोनवर माजी सैनिकांसाठीची माणसं. जीव द्यायच्या टोकाला आलेल्या माजी सैनिकाला जानेवारी 2023 पासून नाव नोंदलेलं नसलं तरी तातडीची सेवा मोफत, तीस दिवस दाखल, नव्वद दिवस ये-जा. मी म्हटलं, आणि तरी तुमच्याकडं मरतात? म्हणाली, मरतात मावशी. तेव्हा त्यांच्याकडचं ऐकून हळहळत बसायचं नाही. आपल्याकडं 1 डिसेंबर 2023 ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, टेलिमानसचा सैन्यदलांसाठीचा वेगळा कक्ष सुरू झाला आहे. 14416 वर मिलिटरी नर्सिंग म्हणून स्पष्ट सांगा.

आणि सैनिक की सिस्टर, हे गावानं ठरवायचं नसतं. आमच्या वेळी तर लग्न केलं की नोकरीतून काढायचे, तसा नियमच होता, 1977 चा. तो 1995 मध्ये मागं घेतला. सेलिना जॉन नावाच्या लेफ्टनंटला 1988 मध्ये लग्न केलं म्हणून काढलं होतं. ती लढत राहिली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला 60 लाख द्यायला लावले. मी लग्नच केलं नाही, त्यामुळं माझी केस झाली नाही, एवढंच.

आता "ड्यूटी संपली" याबद्दल. वॉर्डात ड्यूटी घड्याळावर संपत नाही. पुढची सिस्टर येते, हँडओव्हर घेते, वहीत सही करते, मग संपते. ती आली नाही तर तुम्ही उभ्याच. ताईला हे माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. तिला सांगा, हँडओव्हर अजून कोणी घेतलेलं नाही.

सेतूवाली

सहा दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार मानायला शब्द शोधत बसले तर आजही राहील.

डबे त्याच रात्री चुलत सासऱ्यांकडं हलवले. ते म्हणाले, "काहून बाप्पा, आम्हाले फवारायचं हाय काय?" मी म्हटलं, ठेवा, विचारू नका. ताईच्या उशीच्या अभ्र्यात झोपेच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या. मीच काढल्या आणि तिच्या देखतच काढल्या. ती बघत होती, काही बोलली नाही.

मग गोठ्यात विचारलं. मनकवडी ताई, तुम्ही सांगितलं तसं सरळ विचारायचं होतं. माझ्या तोंडून आलं, "ताई, तुमचं काही करायचं चाललंय का?" ती म्हणाली, "काय करायचं?" मी म्हटलं, "मरायचं." म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज. मग म्हणाली, "पोळा झाल्यावर. पोराचा तान्हा पोळा बिघडायला नको म्हणून." मी रडले, ती नाही. हँडओव्हरचं वाक्य पाठ करून गेले होते, अर्ध्यात विसरले. "सही कोणी केली नाही" एवढंच आठवलं, तेच म्हटलं. ती म्हणाली, "हे तुला कोणी शिकवलं?"

रात्रीच 14416 लावला. आधी मी बोलले, मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि अंगणात गेली. पाऊण तास. मी उंबऱ्यावर बसून होते.

सकाळी पहिल्या एसटीनं वर्धा, तिथून सेवाग्राम. सासूबाईंना सांगितलं डोक्याचे फोटो काढायचे आहेत. तेवढं खोटं माफ करा, ते ताईशी नव्हतं. नोंदणीच्या खिडकीवर ताईनं फॉर्म स्वतः भरला. व्यवसायाचा रकाना मोकळा सोडला, तर कारकुनानं गृहिणी लिहून टाकलं. मी भांडणार होते. ती म्हणाली, राहू दे, मागं लाइन आहे. डॉक्टर बाई मिळाल्या. तास-दीड तास आत होती. आघातानंतरचा ताण आणि नैराश्य, दोन्ही म्हणाल्या. दाखल व्हायचं का विचारलं, ताई हो म्हणाली. मला वाटलं नव्हतं हो म्हणेल. पाच दिवस झाले. मी बाकावर झोपते, सेतू बंद आहे, पीक विम्यावाले फोन करकरून थकले. प्रतिनिधी म्हणून तिनं माझं नाव दिलं. नायब सुभेदार काका, डॉक्टर बाईंनी नोकरीच्या तारखा आणि ठिकाणं चिठ्ठीवर लिहून दिली आहेत, एक पोस्टिंग सोडून. ते ताई म्हणाली नंतर.

मळमळ आहे, हात थरथरतात. काल वॉर्डातल्या एका शिकाऊ सिस्टरला सलाइनची सुई नीट धरायला शिकवत होती, तिथल्या मोठ्या सिस्टर रागावल्या. तान्हा पोळा आम्ही इथं असतानाच झाला. मिस्टर पोराला घेऊन आले होते, लाकडी बैल घेऊन. वॉचमननं बैलाला चाकं आहेत म्हणून आधी आत सोडलं नाही.

बागेतली बाई, तुमचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. बुटांपाशी थांबवलं, परत वाच म्हणाली. तुमचा नंबर मागू का म्हटलं, तर म्हणाली, "आधी बॅच विचार."

बागेतली बाई

1984. सीनियर आहे म्हणावं, फोन मीच करणार. नंबर मेसेजमध्ये टाका. दुपारी राउंड झाल्यावर करते, चालेल?